म्हातारा, खेचर आणि पूल

चित्रपटांवर लिहिणारा माणूस म्हणून आज मला जे कोणी ओळखतात, त्यांनी खरं तर माझ्या आत्याला ओळखायला हवं. चंद्रभागाआत्या, राहणार आष्टी. ती शाळेत कधी गेली नाही आणि तिनं आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नाही. तरी सिनेमा कसा पाहावा हे मला तिनंच शिकवलं.

आत्या रातांधळी. दिवस मावळला की ती भिंत धरून चालायची. आणि आष्टीला सुगीनंतर सिनेमाचा जो तंबू यायचा, त्यातला खेळ अंधार पडल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. म्हणून ती मला पाठवायची. दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना मी तिला सगळा सिनेमा सांगायचो. एका ओळीत ती, शेजारच्या ओळीत मी आणि आजूबाजूला कान देऊन दहा-बारा बाया. माझ्याकडून एखादा धागा सुटला की आत्याचा हात बोंडावर थांबायचा.

"थांब. त्या पोरीचा बाप मघा आजारी व्हता. त्याचं काय झालं?"

"ते दाखवलंच न्हाई, आत्या."

"दाखवलं न्हाई, का तू झोपल्ता?"

एकदा मी खरोखरच झोपलो होतो. त्या दिवशी तिनं पुढची गोष्टच ऐकली नाही, आणि मला वाटतं, त्यानंतर मी कुठल्याच सिनेमाला झोपलो नाही. बाप जगला का मेला, घोडा कुणाचा, पत्र कुणी लपवलं, हे सगळं ध्यानात ठेवूनच पाहायची सवय लागली. पुढं वसतिगृह मिळालं, शिष्यवृत्ती मिळाली, चांगले शिक्षक भेटले, घराण्यातला पहिला बी. ए. होऊन मी अंबडच्या हायस्कुलात मास्तर झालो. त्या सगळ्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण औरंगाबादच्या दैनिकात मी चित्रपटांवर लिहू लागलो ते कापसाच्या ओळीतल्या त्या शिक्षणावर.

निघताना

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. दिल्लीला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरणार होता आणि आमच्या दैनिकाला त्याचा एक पास आला होता. संपादक नानासाहेबांचे दिल्लीतले बातमीदार नेमके आजारी पडले. नानासाहेबांनी मला बोलावून पास टेबलावर सरकवला.

"चार लेख पाठवा," ते म्हणाले. "वाचकांना आवडले तर रविवारच्या पुरवणीचं चित्रपटाचं पान कायमचं तुमचं. नाही आवडले तर माझा एक भाचा मुंबईत असतो. तो रोज सिनेमे बघतो."

भाच्याचं नाव निघाल्यावर मी लगेच हो म्हणालो. हेडमास्तरांनी वीस दिवसांची रजा दिली आणि स्वतःचा स्वेटरही दिला. हेडमास्तर माझ्या दीडपट. त्या स्वेटरात मी आणि माझी वही दोघंही आरामात मावत होतो.

निरोप घ्यायला आष्टीला गेलो तेव्हा आत्यानं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली होती.

"किती खेळ बघणार?"

"दिवसाला तीन-चार. सकाळी नऊपासून सुरू होतात."

आत्या चुलीपुढून वळली. "सकाळी? उजेडात?"

"आत अंधार करतात."

"आन भाईर आल्यावर उजेडच असतो?"

"हो."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मंग तर बराबर बघून ये. एकबी सोडू नको."

वाटूरला एसटी बदलली, जालन्याला गाडी धरली, मनमाडला पुन्हा बदलली. पुढच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगतो, की धपाट्यांमुळं भोपाळपर्यंत माझ्या डब्यात मला कुणी परका मानलं नाही.

करोलबाग

दिल्लीत माझा मुक्काम गोविंदरावांकडे होता. गोविंदराव मूळचे वाटूरचे, घरची चांगली शेती असलेले, पण केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून होऊन करोलबागेत दोन खोल्यांत राहणारे. बारा वर्षांत त्यांची हिंदी सुधारली होती, मराठी मात्र वाटूरहून निघाली तशीच होती.

"काय करून राह्यले इथं?" माझा पास उलटासुलटा बघत ते म्हणाले. "पंधरा दिस नुसते शिनेमे? आन सरकार बसू देतं?"

"लिहायचं असतं त्यावर."

"काऊन? ज्यानं पाह्यला त्याला माहीत हाय, आन ज्यानं न्हाई पाह्यला त्याला काय फरक पडतो?"

वहिनींनी तेवढ्यात गरम बाजरीची भाकरी वाढली, म्हणून वाचलो. दिल्लीची थंडी ही आपल्याकडची थंडी नव्हे. आपल्याकडे थंडी बाहेर असते, माणूस घरात गेला की संपते. तिथं ती पांघरुणात आधीच येऊन झोपलेली असते.

पहिला दिवस

सभागृहात पाऊल टाकलं आणि मला आमचा तंबू आठवला, कारण दोन्हींत काहीही सारखं नव्हतं. खुर्च्यांना मखमल. जमीन कुठं दिसत नाही. आणि लोक बोलत नाहीत. आमच्याकडे खलनायक दारामागे लपला की चारशे माणसं नायकाला सांगतात. इथं पडद्यावर एक बाई नवऱ्याच्या दुधात काहीतरी मिसळत होती आणि सहाशे शिकलेली माणसं तोंड मिटून बघत होती.

मला एक जुनी सवय. पडद्यावर अक्षरं आली की ती मोठ्यानं वाचायची. तंबूत माझ्याभोवती बसायला लोक धडपडायचे ते त्यासाठीच. इथं खाली इंग्रजी ओळ आली आणि मी हळू आवाजात तिचं मराठी करून शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना सांगू लागलो. चौथ्या ओळीला त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, आभार मानताहेत. पाचव्या ओळीला ते उठून दुसरीकडे जाऊन बसले.

पलीकडच्या खुर्चीवरून कुणीतरी हसलं. जाड चष्मा, खादीची साडी आणि वर पुरुषी कोट अशा एक बाई होत्या.

"मराठी कुठलं हे?" त्यांनी विचारलं.

"अंबड. जालन्याजवळ."

"मी मुंबईची. कुमुद. वीस वर्षं हेच करतेय. तुम्ही वाचत राहा, पण मनात."

अशी कुमुदताईंची ओळख झाली. मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्यांचं नाव मी आदरानं वाचत आलो होतो. त्यांना दिग्दर्शकांची नावं, सालं, देश सगळं पाठ. माझ्याजवळ वही होती.

दुसरा दिवस

ज्या खेळानं माझी पुढची झोप उडवली तो दुसऱ्या दिवशी दुपारचा. कुमुदताई त्या दिवशी दुसऱ्या सभागृहात होत्या, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पडद्यावर एक डोंगर. एक म्हातारा खेचराच्या पाठीवर दगड लादून चढ चढतो आहे. तो बोलत नाही, खेचरही बोलत नाही. मध्येच थांबतात, दम खातात, पुन्हा चालतात. वर पोचल्यावर म्हातारा दगड उतरवतो, एका अर्धवट भिंतीशी रचतो आणि खेचरापुढं गवत टाकतो. मग एका परक्या लिपीतला एकच शब्द पडद्यावर आला आणि दिवे लागले.

दिवे लागले की काय करायचं असतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी चहाला उठलो. फार थोडी माणसं उठली, त्यावर मी वहीत लिहिलं, "दिल्लीच्या प्रेक्षकांना मध्यंतरात चहा लागत नाही." चहा लवकर मिळाला नाही, कपही गरम होता. परत आलो तेव्हा उत्तरार्ध सुरू झाला होता.

आता डोंगर नव्हता. शहर होतं. एक पन्नाशीचा इंजिनिअर नदीवर पूल बांधत होता. त्याची बायको त्याच्याशी बोलत नव्हती. तो रोज काठावर येऊन अर्ध्या पुलाकडे बघत उभा राहायचा. शेवटी पूल पुरा होतो आणि तो एकटा त्यावरून पलीकडे चालत जातो.

माझ्या अंगावर काटा आला. म्हातारा डोंगरावर दगड वाहतो आणि त्याचा मुलगा शिकून शहरात पूल बांधतो. सगळं न सांगता सांगितलेलं. मी स्वतः पहिल्या पिढीतला शिकलेला. वडिलांनी वाहिलेले दगड मला माहीत होते. रात्रीच्या जेवणाआधीच मी लेख पुरा केला. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: "पूर्वार्धात जे ओझं खेचराच्या पाठीवर होतं, तेच उत्तरार्धात शिकलेल्या मुलाच्या मनावर येतं." लेख जलद टपालानं रवाना केला आणि वहिनींकडून दोन भाकरी जास्त मागून घेतल्या.

हिरवळीवर

सातव्या दिवशी सभागृहाबाहेरच्या हिरवळीवर परदेशी पाहुण्यांना चहा होता. कुमुदताई मला हाताला धरून एका उंच, उदास चेहऱ्याच्या माणसाकडे घेऊन गेल्या. पुलाच्या चित्रपटाचा दिग्दर्शक तोच होता. त्याला इंग्रजी बेताचं येत होतं. मला लिहिता बरं येत होतं, बोलता नाही.

मी हात जोडले. म्हणालो, "साहेब, आपला चित्रपट मला फार आवडला. विशेषतः खेचर."

"काय?" तो म्हणाला.

"खेचर."

त्यानं मान हलवली. कळलं नाही. माझा उच्चार चुकला असेल असं समजून मी दोन्ही हात डोक्याशी नेऊन लांब कान केले. तेवढ्यानं भागलं नाही, तेव्हा पाठीत वाकून हेडमास्तरांच्या स्वेटरासकट हिरवळीवर चार पावलं चढ चढून दाखवला. आजूबाजूचे पाहुणे बाजूला सरकले. एका बाईंनी टाळ्या वाजवल्या.

दिग्दर्शक अत्यंत सभ्य माणूस. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग कुमुदताईंकडे बघितलं आणि सावकाश म्हणाला, "माझ्या चित्रपटात एकही जनावर नाही."

कुमुदताईंनी मला झाडाखाली नेलं.

"नीट सांगा. खेचर कधी पाहिलंत?"

"मध्यंतराआधी."

"कसलं मध्यंतर?"

"दिवे लागले तेव्हा. मी चहाला गेलो ना."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "अहो, परदेशी चित्रपटांना मध्यंतर नसतं. कधी कधी आधी एक छोटा चित्रपट दाखवतात, वीस-पंचवीस मिनिटांचा. तो संपला की दिवे लावतात. मग मोठा. खेचराचा वेगळा, पुलाचा वेगळा. देशही वेगळे."

"पण तो मुलगा—"

"कुणाचा मुलगा? इंजिनिअर त्या म्हाताऱ्याला ओळखतसुद्धा नाही."

मी त्यांना लेखाचं सांगितलं. ते वाक्यही सांगितलं. कुमुदताई थोडा वेळ हसल्या, मग थांबल्या.

"वाक्य मात्र चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांत मला असं सुचलं नाही. दुर्दैवानं ते कुठल्याच चित्रपटाचं नाही."

तार

मी धावत तारघर गाठलं. "खेचर-लेख छापू नये. दोन चित्रपट आहेत." दुसऱ्या दिवशी नानासाहेबांची उलट तार आली: "परवाच छापला. वाचक खूश. असेच आणखी पाठवा."

ती तार मी दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. रविवारचं पान जवळजवळ माझं झालं होतं. गप्प बसलो तर ते माझं. खरं सांगितलं तर नानासाहेबांचा भाचा.

कुमुदताईंचं मत स्पष्ट होतं. "पुढचे लेख नीट लिहा आणि हे विसरा. दोन्ही चित्रपट तुमच्याकडे कधी येणार नाहीत."

गोविंदरावांचंही तेच. "जालन्यात कोण तपासाया बसलंय? बिलकुल बोलू नका. उलट चांगलं केलं तुम्ही. एकाला ना शेंडा, दुसऱ्याला ना बुडखा. तुम्ही दोन्हीची सोयरीक जमवली."

"पण ते खोटं आहे, गोविंदराव."

"शिनेमाच खोटा असतोय की. त्यावरचं लिव्हणं काऊन खरं पाहिजे?"

मी गप्प बसायचं ठरवलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ठरवलं होतं. उरलेले तीन लेख अगदी सांभाळून लिहिले. दिवे लागले तरी जागचा हलेनासा झालो. एकदा खेळ संपून सगळे निघून गेले तरी मी बसून होतो. झाडूवाला म्हणाला, "बाबूजी, खतम हो गई." मी त्याच्याकडून दोनदा खात्री करून घेतली.

कार्ड

तेराव्या दिवशी गोविंदरावांच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. आष्टीत आमचं दैनिक दुपारच्या एसटीनं येतं, आणि लक्ष्मणटेलर ते दुकानात मोठ्यानं वाचतो. आत्याची कार्डंही तोच लिहितो, ती बोलेल तशी.

"तुझा कागद लक्ष्मणनं वाचला. दोनदा वाचायला लावला. चांगला हाय. पण खेचराचं काय झालं? पोरगं शिकाया गेलं, पूल बांधला, म्हातारा कुठं दिसंना, मंग खेचर कुणापाशी सोडलं? विकलं का मेलं? वेचणीच्या बाया रोज इचारून राह्यल्या. म्या सांगितलं, आमचा पोरगा झोपत न्हाई, पुढच्या कागदात लिहील. मुक्ताबाई म्हणती त्याला इसर पडला. तिला म्या लई बोलले. तरी लवकर कळव."

मी ते कार्ड वहिनींना वाचून दाखवलं, गोविंदरावांनाही दाखवलं. कुमुदताई आणि गोविंदराव या दोघांनाही जे सुचलं नव्हतं ते आत्यानं बोट ठेवून दाखवलं होतं. माझी शिलाई तिथंच उसवलेली होती. आणि माझ्यासाठी ती मुक्ताबाईशी भांडली होती. रोज एका ओळीत वाकून काम करणाऱ्या बाईशी.

गोविंदरावांनी कार्ड उलटं करून पत्ता वाचला. मग म्हणाले, "लिव्हून टाका, खेचर मेलं म्हणून. विषय संपला."

"मेलं नव्हतं," मी म्हणालो.

त्याच दुपारी मी दोन पाकिटं टाकली. एक नानासाहेबांना, झालेल्या चुकीच्या खुलाशाचं, छापण्यासाठी. परत आल्यावर काय झालं ते इथंच सांगून टाकतो. नानासाहेबांनी खुलासा पूर्ण छापला, एक शब्दही कापला नाही. रविवारचं पान भाच्याला गेलं. मला गुरुवारी बाजारभावाच्या खाली अर्धा रकाना मिळाला. तुरीचा भाव बघायला येणारे वाचक थोडं खाली उतरून मलाही वाचतात, आणि ते फार बारकाईनं वाचतात.

दुसरं पाकीट आत्याला होतं. नक्कल वहीत ठेवली आहे, ती अशी:

दिल्ली

ती. चंद्रभागाआत्यास,

सप्रेम जय भीम.

लक्ष्मणभाऊ, हे पत्र जसंच्या तसं वाचा. मध्ये माझी बाजू घेऊ नका.

आत्या, तुझं कार्ड मिळालं. मुक्ताबाईचं बरोबर आहे आणि तुझं चुकलं. मी झोपलो नव्हतो, पण चहाला गेलो होतो. इथं कधी कधी एका बैठकीत दोन सिनेमे दाखवतात. एक लहान, एक मोठा. मध्ये दिवे लावतात. मला वाटलं, मध्यंतर. म्हातारा आणि खेचर एका सिनेमातले. इंजिनिअर आणि पूल दुसऱ्या. त्यांचं काही नातं नाही. तो इंजिनिअर कुणाचा मुलगा ते मला माहीत नाही. नातं मी जोडलं, कारण माझ्या डोळ्यांपुढं तुझा दादा, माझा बाप होता, विहिरीचे दगड वाहणारा, आणि मी होतो. पण पडद्यावर ते नव्हतं. जे पडद्यावर नाही ते सांगायचं नाही, हे तूच शिकवलंस.

नानासाहेबांना खरं कळवलं आहे. पेपरात येईल. रविवारचं पान बहुतेक जाईल. त्याचं वाईट वाटतं, पण तू वाईट वाटून घेऊ नको. ज्या बायांना तू ती गोष्ट सांगितलीस, त्यांना ही पण सांग. त्याच वावरात, सगळ्या असताना. मुक्ताबाईला आधी सांग, आणि तिच्याशी बोल.

आता खेचराचं. म्हाताऱ्यानं सगळे दगड उतरवले, भिंतीशी रचले आणि खेचराच्या पाठीवरून हात फिरवला. तिथंच सिनेमा संपला. पुढं काय झालं ते कुणीच दाखवलं नाही, म्हणून मी सांगणार नाही. पण शेवटचं दिसलं तेव्हा त्याच्या पाठीवर काही नव्हतं आणि त्याच्यापुढं हिरवं गवत टाकलेलं होतं. ते खात होतं. एवढं मी नीट पाहिलं आहे.

तुझा,
भास्कर